वर सरकलेल्या ओळी कुठे जातात?

इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये हे हमखास घडतं. काळ्या खिडकीत एखादा प्रोग्राम चालू असतो. पाचेक मिनिटांनी एक एरर येते. ती गूगलवर टाकून बघावी म्हणून विद्यार्थी माउसने ओळ निवडतो आणि सवयीने कंट्रोल-सी दाबतो. बऱ्याचदा ओळ कॉपी होत नाही, चालू प्रोग्राम मात्र मरतो. मग मागून कोणी सिनिअर सांगतो, "अरे, इथे शिफ्टपण दाबायचं असतं." का दाबायचं, हे त्यालाही ठाऊक नसतं.

दुसरा त्रास याच्या जुळा भाऊ. एरर एक नसते, शंभर असतात, आणि खरी पहिली. ती शोधायला वर स्क्रोल करत जावं, तर एका ठिकाणी खिडकी थांबते. त्याच्या वरचं गेलं. कुठे गेलं? कुठेच नाही, नुसतं गेलं. व्हॉट्सअ‍ॅपवर तीन वर्षांपूर्वीचा फॉरवर्डसुद्धा सापडतो, आणि इथे पाच मिनिटांपूर्वीची ओळ सापडत नाही.

ही काळी खिडकी म्हणजे टर्मिनल एम्युलेटर. एम्युलेटर म्हणजे सोंग घेणारा. हा प्रोग्राम एका जुन्या यंत्राचं सोंग घेतो, आणि ते यंत्रही त्याच्याआधीच्या दुसऱ्या यंत्राचं सोंग घेत होतं. वरच्या दोन्ही त्रासांची मुळं या सोंगांच्या साखळीत आहेत. साखळीच्या पहिल्या टोकाला स्क्रीन नव्हताच. कागद होता.

1963 मध्ये अमेरिकेत टेलिटाइप कंपनीचं मॉडेल 33 हे यंत्र आलं. दिसायला जाडजूड टाइपरायटर. तारेवरून येणारी अक्षरं तो कागदाच्या गुंडाळीवर छापायचा आणि तुम्ही टाइप केलेली तारेवरून पाठवायचा. वेग सेकंदाला दहा अक्षरं. ओळीत बहात्तर अक्षरं, आणि तीही फक्त कॅपिटल. तारायंत्राच्या कामासाठीचं हे यंत्र स्वस्त होतं, म्हणून कॉम्प्युटरला जोडलं गेलं. न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 1969 पासून यूनिक्स घडवलं, ते अशाच टेलिटाइपवर बसून. आजही लिनक्समध्ये टर्मिनलला 'टीटीवाय' म्हणतात, ते टेलिटाइपचंच आखूड रूप. यूनिक्सच्या कमांड 'एलएस', 'सीपी', 'एमव्ही' अशा तुटक आहेत, त्यामागेही हा खडखडाट आहे. सेकंदाला दहा अक्षरं छापणाऱ्या यंत्रावर लांबलचक बोलणं कोणाला परवडणार?

पण या यंत्राकडे एक गोष्ट होती जी पुढच्या कितीतरी यंत्रांकडे नव्हती. जे घडलं ते राहायचं. तुमची कमांड, कॉम्प्युटरचं उत्तर, तुमची चूक, पुन्हा कमांड, सगळं एकाखाली एक कागदावर. स्क्रोलबॅक म्हणजे टेबलामागे जमिनीवर पडलेली कागदाची घडी. हवा तो भाग कापून घ्या, त्यावर पेन्सिलीने खुणा करा, शेजारच्याला द्या.

चूकसुद्धा राहायची, हे महत्त्वाचं. छापलेलं अक्षर कागदावरून पुसता येत नाही. म्हणून सुरुवातीच्या यूनिक्समध्ये चुकीच्या अक्षरानंतर '#' टाइप केलं की आधीचं अक्षर रद्द समजलं जाई. '@' म्हणजे अख्खी ओळ रद्द. कॉम्प्युटरला शुद्ध मजकूर जायचा, कागदावर मात्र खाडाखोडीसकट सगळं दिसायचं. या टेलिटाइपला कागदी पट्टीवर भोकं पाडायची सोयही असे. तिथे चूक झाली तर त्या जागी सातही भोकं पाडायची, कारण पडलेलं भोक बुजवता येत नाही. सात भोकं म्हणजे 'हे अक्षर नाही असं समजा'. तुमच्या कीबोर्डवरच्या डिलीटचा जुना कोड 127 आहे तो यामुळेच. बायनरीत 127 म्हणजे सात एक्के.

कागदाची किंमत किती, हे फार नंतर कळलं. यूनिक्सच्या अगदी पहिल्या आवृत्तीचा मूळ कोड यंत्रांवर कुठेच उरला नव्हता. उरली होती 1972 सालच्या एका अंतर्गत दस्तऐवजातली छापील यादी. 2008 मध्ये यूनिक्सचा इतिहास जपणाऱ्या स्वयंसेवकांनी, वॉरन टूमी यांच्या पुढाकाराने, त्या पानांच्या स्कॅनवरून अक्षर-अक्षर पुन्हा उतरवून घेतलं, चुका दुरुस्त केल्या आणि जुन्या यंत्राचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रामवर ती प्रणाली पुन्हा सुरू करून दाखवली. टेपा आणि डिस्का गेल्या, छापलेलं टिकलं.

मग काच आली.

1970 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, या कंपनीने व्हीटी05 हे टर्मिनल काढलं. कागदाऐवजी टीव्हीसारखा पडदा. अशा टर्मिनलना तेव्हा थट्टेने 'ग्लास टीटीवाय', काचेचा टेलिटाइप, म्हणत. नाव अचूक होतं. काम तेच, फक्त छपाई काचेवर. खालची ओळ आली की सगळं एक ओळ वर सरकायचं. कागदही असाच वर सरकायचा. फरक इतकाच, की कागदाची वर गेलेली ओळ मागे जाऊन पडायची आणि काचेची वर गेलेली ओळ संपायची.

हा कोणी विचार करून घेतलेला निर्णय नव्हता, हे मला इथे सगळ्यात खटकतं. 'नोंद ठेवू नये' असं कोणी ठरवलं नाही. मेमरी महाग होती, म्हणून पडद्यावर मावेल तेवढीच बसवली. 1978 चं व्हीटी100, ज्याचं सोंग आजची जवळपास सगळी टर्मिनलं घेतात, 24 ओळी आणि 80 कॉलम दाखवायचं. म्हणजे 1,920 अक्षरं. त्याची सगळी मेमरी तीन किलोबाइट, त्यात पडदा सांभाळून उरणार काय? पंचविसावी ओळ आली की पहिलीने निघायचं.

लोकांना हे नडत होतं, याचे पुरावे यंत्रांवरच दिसतात. 1975 च्या व्हीटी52 मध्ये पडद्यावरच्या मजकुराची प्रत काढणारं एक यंत्र आतच बसवून मिळे. ते खास ओलसर कागदावर विजेच्या साहाय्याने अक्षरं उमटवायचं. प्रत बरी यायची, पण हातात येणारा कागद ओल्या टॉयलेट पेपरसारखा लागे. स्क्रीनशॉटचा पूर्वज असा भिजलेला होता. व्हीटी100 वर 'नो स्क्रोल' नावाची एक स्वतंत्र कळच होती. ओळी पळायला लागल्या की ती दाबायची, वाचून व्हायचं, पुन्हा दाबायची. एचपीने 2640 या टर्मिनलमध्ये जादा मेमरी घालून काही पानं मागे जायची सोय दिली होती. ती चांगली कल्पना होती. पण जग व्हीटी100 च्या मागे गेलं.

काचेच्या बाजूनेही बोललं पाहिजे. टेलिटाइपला व्हीटी100 चा एक भरलेला पडदा छापायला तीन मिनिटांहून जास्त लागली असती. काचेवर तो दोन-तीन सेकंदांत भरायचा. खडखडाट गेला, शाईची फीत गेली, कागद बदलायची कटकट गेली. इतकं मिळत असताना वर सरकून गेलेल्या ओळीसाठी कोण रडत बसणार?

यंत्रात नाही ते मग सॉफ्टवेअरमध्ये आणलं गेलं. 1978 मध्ये बर्कली विद्यापीठात डॅनियल हॅल्बर्ट या विद्यार्थ्याने 'मोअर' लिहिलं. मजकूर पडदाभर दाखवायचा, थांबायचं, कळ दाबली की पुढचा पडदा. मागे जाणं मात्र जमत नसे. काही वर्षांनी मार्क नुडलमन यांनी मागेही जाऊ देणारा प्रोग्राम लिहिला आणि 'मोअर'च्या उलट म्हणून त्याचं नाव ठेवलं 'लेस'. यूनिक्सवाल्यांचा विनोद असाच.

माझ्या मते या सगळ्यात जास्त प्रामाणिक उत्तर 'स्क्रिप्ट' या कमांडचं होतं. 1979 च्या बर्कली यूनिक्समध्ये ती आली. 'स्क्रिप्ट' सुरू केलं की त्यानंतर पडद्यावर जे जे उमटेल ते सगळं एका फाइलमध्येही जातं. त्या फाइलचं ठरलेलं नाव 'टाइपस्क्रिप्ट', म्हणजे टंकलिखित. (मायक्रोसॉफ्टच्या भाषेशी संबंध नाही, ती 2012 ची.) हरवलेला टेलिटाइपचा कागद फाइल होऊन परत आला होता. गंमत म्हणजे तिच्या माहितीपानात उपयोग सांगितलाय तो विद्यार्थ्यांचा: असाइनमेंट खरंच केली याचा पुरावा म्हणून छापून द्यायला. जर्नल, सबमिशन आणि सरांची सही यांत चार वर्षं घालवलेल्या कोणालाही हे पटेल. 'स्क्रिप्ट' आजही लिनक्स आणि मॅकवर असते.

आता कंट्रोल-सीकडे येऊ.

अक्षरांना आकडे देणाऱ्या आस्की तक्त्यात कॅपिटल सी चा आकडा 67. कंट्रोल कळ दाबून अक्षर दाबलं की त्यातून 64 वजा होतात. उरतात 3. तक्त्यात 3 या जागेचा अर्थ 'मजकूर संपला'. डेकच्या जुन्या प्रणालींनी हा कोड 'चालू काम थांबव' या अर्थाने वापरला. यूनिक्समध्ये हे काम आधी सात भोकांच्या डिलीटकडे होतं. पुढे बर्कलीच्या वाटेने कंट्रोल-सी तिथेही रुळलं. टर्मिनलवाल्यांच्या हाताला या कळेचा अर्थ एकच ठाऊक होता: थांब.

त्याच दशकात, कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात, लॅरी टेस्लर आणि टिम मॉट 'जिप्सी' नावाचा मजकूर-संपादक लिहीत होते. तो होता गिन या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशन कंपनीसाठी. तिथले संपादक खरी कात्री आणि खरी खळ घेऊन कागद कापायचे आणि चिकटवायचे. जिप्सीने तीच कृती पडद्यावर आणली: निवडा, कापा किंवा प्रत घ्या, चिकटवा. 1980 च्या दशकात अ‍ॅपलच्या लिसा आणि मॅकिंटॉशवर हे एक्स, सी, व्ही या शेजारशेजारच्या कळांवर बसलं, पण कमांड या वेगळ्या कळेबरोबर. त्यामुळे मॅकवाल्यांना लॅबमधला तो अपघात आजही होत नाही. पीसीच्या कीबोर्डवर कमांड कळ नव्हती. पुढे विंडोजने तीच अक्षरं कंट्रोलबरोबर घेतली आणि एका कळेचे दोन मालक झाले. लिनक्सच्या टर्मिनलांनी नव्या मालकाला शिफ्टची जादा कळ घ्यायला लावली. विंडोजने 2015 च्या आवृत्तीपासून वेगळी तडजोड केली: काही निवडलेलं असेल तर कॉपी, नसेल तर थांब. एका क्लिकने निवड सुटली असेल तर काय होतं, ते करून बघणाऱ्यांना माहीत आहे.

मग टर्मिनल खिडकीत आलं. 1984 मध्ये एमआयटीत मार्क व्हँडेव्होर्ड या विद्यार्थ्याने डेकच्या व्हॅक्सस्टेशन 100 साठी एक्सटर्म लिहायला घेतला. तोवर एक्स ही खिडक्यांची प्रणालीही तयार नव्हती. ती त्याच वर्षी आली आणि एक्सटर्म तिच्यात गेला. इथे टर्मिनल मोठ्या मेमरीच्या यंत्रावरचा एक प्रोग्राम झालं. आता वर सरकलेली ओळ ठेवणं सहज शक्य होतं. किती ठेवायच्या? एक्सटर्मने कित्येक वर्षं ठेवल्या 64. नंतर 1,024. एका खिडकीत अनेक टर्मिनलं सांभाळणारा 'स्क्रीन' न सांगता 100 ठेवतो, त्याचा धाकटा भाऊ 'टीमक्स' 2,000. हे आकडे बदलता येतात, पण बदलायचे असतात हे कळतं ते हवी ती ओळ गेल्यावर.

एक्सवर कॉपी करण्याची रीतही निराळी निघाली. मजकुरावरून माउस ओढला की तो निवडला गेला, मधलं बटण दाबलं की दुसरीकडे उमटला. पण निवडलं त्या क्षणी कुठेच काही कॉपी होत नाही. तो प्रोग्राम फक्त जाहीर करतो, की सध्याची निवड माझ्याकडे आहे. कोणी पेस्ट केलं की त्याच्याकडे मागणी जाते आणि तेव्हा मजकूर दिला जातो. दुकानदाराने चिठ्ठी दिली, माल गोदामातच, असा हा व्यवहार. दुकान बंद झालं की चिठ्ठीला किंमत नाही. एरर कॉपी केली, टर्मिनल बंद केलं, ब्राउझरमध्ये पेस्ट केलं आणि काहीच आलं नाही, असं पूर्वी सर्रास व्हायचं. आता बहुतेक ठिकाणी मध्ये एक प्रोग्राम बसून कॉपी केलेला माल आधीच उचलून ठेवतो.

बरं, कॉपी झालं तरी नेमकं काय कॉपी होतं? टर्मिनलचा पडदा म्हणजे चौकटींची वही. एका चौकटीत एक अक्षर. ओळ लांब असली की ती पुढच्या रांगेत मोडते. कॉपी करताना ती एक ओळ होती की दोन, हे टर्मिनलने लक्षात ठेवलेलं असेल तर बरं, नाहीतर पत्त्याच्या मध्येच एंटर पडतो. विंडोजच्या जुन्या काळ्या खिडकीत तर निवड चौकोनीच व्हायची, वाक्य कुठे संपतं याच्याशी तिला देणंघेणं नसे. त्याच खिडकीत निवड चालू असेपर्यंत नवं काही छापलं जात नाही, आणि छापायला थांबलेला प्रोग्राम तिथेच अडतो. चुकून पडलेल्या एका क्लिकने रात्रभराचं काम थांबल्याच्या कहाण्या त्यामुळेच ऐकू येतात.

'व्हीआय' किंवा 'लेस' उघडलं की टर्मिनल त्यांना एक दुसरा, पर्यायी पडदा देतं. बाहेर पडलात की तो पडदा गुंडाळला जातो आणि आधीचा परत येतो. दिसायला छान. पण त्या पडद्यावर जे होतं ते स्क्रोलबॅकमध्ये कधी जातच नाही. अर्धा तास जे वाचलं त्याची खिडकीत खूणही उरत नाही.

इथवर वाचून वाटेल, की सगळं कायमचं ठेवावं, मेमरी आता काय महाग आहे! 2012 मध्ये उलट बाजू समोर आली. लिनक्सवरच्या ग्नोम टर्मिनलसह अनेक टर्मिनलं व्हीटीई नावाचा एक सामाईक भाग वापरतात. तो स्क्रोलबॅक डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलींत लिहितो, आणि तेव्हा तो उघड्या अक्षरांत लिहीत असे. पडद्यावर आलेल्या किल्ल्या, दुसऱ्या यंत्रावरच्या फाइलींचा मजकूर, ग्राहकांची नावं, सगळं खिडकी बंद झाल्यावरही डिस्कवर शोधणाऱ्याला सापडू शकत होतं. वापरणाऱ्यांची समजूत होती की पडद्यावरचं पडद्यावरच राहतं. पुढे हा मजकूर कूटबद्ध होऊ लागला. टेलिटाइपचा कागद निदान जमिनीवर पडलेला दिसायचा.

पेस्टचीही अशीच एक बाजू आहे. टर्मिनलमध्ये पेस्ट केलेलं आणि हाताने टाइप केलेलं यांत कॉम्प्युटरला फरक दिसत नसे. मजकुरात एंटर असेल तर कमांड लगेच चालायची. वेबपानावरून निरुपद्रवी ओळ कॉपी करावी आणि तिच्यात न दिसणारी दुसरी ओळ लपलेली असावी, अशी फसवणूक यातून शक्य झाली. मग टर्मिनलांनी पेस्टच्या मजकुराभोवती सुरुवात-शेवटाच्या खुणा पाठवायला सुरुवात केली. बॅश या शेलने डिसेंबर 2020 च्या 5.1 आवृत्तीत त्या न सांगता पाळायला घेतल्या. तरी अनोळखी ओळ पेस्ट करण्याआधी नोट्समध्ये टाकून बघणं शहाणपणाचं.

राहिली आपली लिपी. एका चौकटीत एक अक्षर हा नियम इंग्रजीसाठी बरा, 'स्थिती'चं काय? 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि आयआयटी कानपूरमध्ये आकाराला आलेलं 'जिस्ट' हे भारतीय लिप्यांचं तंत्र तिथे आलं. पीसीत बसवायचं जिस्ट कार्ड आणि जिस्टची टर्मिनलं यांमुळे काळ्या पडद्यावर देवनागरी उमटली. त्यामागचा विचार साधा आणि दूरचा होता: साठवायचे ते उच्चाराच्या क्रमाने वर्ण, आकार जुळवायचं काम यंत्राचं. म्हणजे 'कि' साठवताना आधी क, मग वेलांटी, दिसताना मात्र वेलांटी आधी. 1991 च्या इस्की मानकात हीच रीत आहे, आणि युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच आधीच्या रूपावरून आली. छपाईच्या धंद्यात मात्र त्याच काळात आकार साठवणारे फॉन्ट चालले. जुन्या मराठी पीडीएफमधला परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खच पडतो, तो या फॉन्टांमुळे. तिथे दिसतं सुंदर, कॉपी होतं भलतंच.

टर्मिनलमध्ये बरोब्बर उलटं आहे. आजही बऱ्याच टर्मिनलांत 'स्थिती' लिहिलं की स ला पाय मोडलेला, थ वेगळा, वेलांटी भलत्याच घरात. चौकटींच्या वहीत आपली जोडाक्षरं अजून नीट बसलेली नाहीत. पण तो मोडका शब्द निवडा, कंट्रोल-शिफ्ट-सी दाबा आणि बाहेर कुठेही पेस्ट करा. 'स्थिती' अगदी नीट उमटते.